छाटलेली बिडी मोडणारा

“आपला प्रिय बंधू शांतवन हा काही काळ जगाच्या वाटेने भरकटला व तंबाखूच्या धंद्यात शिरला, परंतु मंडळीने त्याला प्रेमाने शिस्त लावली, त्याने पश्चात्ताप करून तो धंदा सोडला, आणि त्यानंतर त्याच्या आयुष्याचा उजेड बाहेरच्या लोकांवर पडला.”

हे वाक्य आपल्या पाळकसाहेबांनी तुझ्या कबरेच्या काठावर उभे राहून उच्चारले. मी त्यांच्या उजव्या हाताला उभा होतो. जमलेल्यांनी माना डोलावल्या. माझी मान हलली नाही एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल, आणि तेवढे पुरेसे नाही हे मला ठाऊक आहे. शांतवन, या वाक्यात तुझ्या नावाखेरीज काहीही खरे नाही. तू भरकटला नव्हतास. शिस्त लावली गेली, पण ती प्रेमाने नव्हे. पश्चात्ताप तू केलास, पण ते समजतात त्या गोष्टीचा नव्हे. आणि ज्याला ते उजेड म्हणतात तो, जर पडला असेल तर, आम्ही तुला बाहेर ठेवले होते त्याच वर्षांतला आहे.

पाळकसाहेबांना मी दोष देत नाही. ते आपल्याकडे नवे. जे मंडळीच्या पंचांकडून ऐकले तेच त्यांनी सांगितले, आणि पंचांमध्ये सर्वांत जास्त बोलणारा मी. त्यांच्या तोंडी जे होते ते माझेच जुने शब्द होते; फक्त त्यांचा आवाज गोड आहे. येत्या रविवारी तुझ्या स्मरणार्थ उपासना ठेवली आहे. त्यासाठी ते माझ्या ओसरीवर येऊन म्हणाले, “मास्तरसाहेब, आपण ज्येष्ठ पंच, शिवाय शांतवनरावांचे भाऊजी. आपण उभे राहून दोन शब्द सांगितले की ती गोष्ट पक्की होईल.” पक्की होईल याचेच मला भय वाटले. म्हणून रविवारी मी दोन शब्द सांगणार नाही. हे लिहिलेले वाचणार आहे. बोलणे तुझ्याशी आहे. मंडळीला माझ्या भाषणात डुलकी घेण्याची सवय झाली आहे. तू कधी डुलकी घेतली नाहीस. तू मध्येच बोलायचास, आणि त्याचा मला फार राग यायचा.

साहेबलोक विलायतेला परतू लागले ते दिवस तुला आठवत असतील. देश स्वतंत्र झाला, मिशनचा बंगला रिकामा होत गेला, दवाखाना बंद पडला आणि तुझी कंपाउंडरची नोकरी गेली. त्याच सुमारास शेजारच्या नागरा गावातल्या बिडी कारखान्याचा सट्टेदार, म्हणजे ठेकेदार, माझ्या शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसला. पांढरे स्वच्छ धोतर, हातात छत्री, आणि बोलण्यात गोंदियाच्या बाजाराची हिंदी. “मास्टरजी, आपके साले को हमारे यहाँ भेज दो. चेकर की जगह खाली है. औरतें रोज किटकिट करती हैं कि छाट जादा निकाली. आपके लोग झूठ नहीं बोलते, ये सारा गाँव मानता है. ईसाई आदमी टेबल पे बैठेगा तो किसी का मुँह नहीं खुलेगा.”

मी नकार दिला. तंबाखूच्या धंद्यात आमचा माणूस जाणार नाही, असे ताठ आवाजात सांगितले. पण खरे सांगतो, नकार देताना माझी छाती फुगली होती. गावाच्या बाजारात आपल्या मूठभर मंडळीची ही पत! संध्याकाळी तू जेवायला आलास तेव्हा मी ती गोष्ट तुला आणि तुझ्या ताईला रंगवून सांगितली. मार्था खूश झाली. तू भात कालवीत होतास, तो थांबलास.

“भाऊजी, त्याले माणूस नाही पाहिजे. पडदा पाहिजे.”

“म्हणजे?”

“छाट जास्त काढायची, आणि काढणारा खरं बोलणारा म्हणून बायांनी गप्प बसायचं. आपलं खरेपण तो टेबलावर पडद्यासारखं टांगणार आहे.”

“मग तर जाण्याचा प्रश्नच नाही.”

“म्हणूनच जातो,” तू म्हणालास, आणि ताईला वरण मागितलेस.

रविवारी ऐकणाऱ्यांत रेल्वेच्या नोकरीनिमित्त बाहेरून आलेले लोक असतील, त्यांना बिडीच्या कामाची रीत माहीत नसेल. म्हणून ती सांगून ठेवतो. बाया सट्टेदाराकडून तेंदूचे पान, तंबाखूचा जर्दा आणि सूत घरी नेतात, दिवसभर बिड्या वळतात आणि सुपात भरून कारखान्यात आणतात. तिथे चेकर बिड्यांचा एकेक कट्टा, म्हणजे जुडी, हातात घेतो. सैल वळलेली, फाटक्या पानाची, तोंड नीट न मुडपलेली बिडी बाजूला काढतो. तिला म्हणतात छाट. छाटेची मजुरी नाही. आणि ही छाट कुठे जात असे? सट्टेदाराच्या खुर्चीजवळ एक पत्र्याचा डबा असे, त्यात. डबा भरला की त्याच बिड्या आठवडी बाजारात सुट्या विकल्या जात. वळणाऱ्या बाईला सांगायचे खराब आहे, आणि ओढणाऱ्याला सांगायचे चांगली आहे. जितकी छाट जास्त, तितका डबा जड. हे सर्वांना माहीत होते, मलाही होते. माझा आक्षेप मात्र डब्याला नव्हता. माझा आक्षेप तंबाखूला होता.

तो आक्षेप मी आजही मागे घेत नाही, हे तू ऐकून ठेव. बिडी वाईट आहे. आपल्या मंडळीत प्रभुभोजन घेणाऱ्याने तंबाखूला शिवू नये हा नियम जुन्या साहेबांनी घालून दिला, आणि तो योग्य आहे. तू म्हणायचास, “बिडी वाईट हे मला कबूल. पण वाईट वस्तू वळणारीच्या घरी चूल तर चांगलीच आहे नं?” यावर माझे उत्तर असे होते की चिखलात उतरून चिखल धुतला जात नाही. ते उत्तर मला फार आवडत असे. मी ते पंचांच्या बैठकीत वापरले, उपदेशात वापरले. तू ते एकदाच ऐकून घेतलेस, आणि दुसऱ्या वेळी म्हणालास, “भाऊजी, आपण धानाच्या मुलखातले माणसं. चिखलात न उतरता, बांधावर उभं राहून धानाचा रोवणा होते का कधी?”

बैठकीत हसू फुटले. मी हसलो नाही. शांतवन, मला वाटते त्या हसण्यानेच तुझा निकाल लागला. नियमाने लागला असे आजवर मी सर्वांना सांगत आलो. परंतु नियमात तंबाखूला शिवू नये एवढेच होते. चेकरच्या टेबलावर बसणे म्हणजे शिवणे होते की नाही, यावर पंचांची मते दोन्ही बाजूंना सारखी पडली होती आणि शेवटचे मत माझे होते. माझ्या कानात अजून ते हसू होते. मी म्हणालो, “त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवावे.”

त्यानंतर प्रभुभोजनाच्या प्रत्येक रविवारी काय होत असे ते मंडळीने पाहिले आहे, पण माझ्या जागेवरून पाहिलेले नाही. भाकरीची थाळी रांगेतून फिरवण्याचे काम माझ्याकडे. तू शेवटच्या बाकावर, खिडकीच्या कडेला बसायचास. मी त्या बाकाशी येई, तुझ्या शेजाऱ्यापुढे थाळी धरी, आणि तुझ्यासमोरून ती पुढे नेई. तू मान खाली घालत नव्हतास. हात मांडीवर ठेवून थाळीकडे पाहत असायचास, जसा भुकेला माणूस पाहतो तसा नव्हे. आपली वस्तू दुसऱ्याच्या घरी ठेवलेली असावी आणि ती जागेवर आहे ना हे पाहावे, तसा. मग उपासना संपली की सरळ माझ्याच घरी जेवायला. मार्था आधी तुला वाढायची, मग मला. पानावर बसल्याबसल्या आपण भांडायचो. माझी पंक्ती तुला चालत होती, मला तुझी चालत होती. चालत नव्हती ती फक्त देवाची पंक्ती, आणि तिचा वाढपी मी होतो.

आता पाळकसाहेबांच्या वाक्यातल्या ‘भरकटला’ या शब्दाकडे येतो. भरकटलेल्या माणसाने त्या कारखान्यात काय केले ते तूच मला पानावर सांगितलेस. पहिले काही महिने तूही छाट डब्यात टाकत होतास. रोजची रीत होती, आणि नव्या माणसाला रीत पाळावी लागते. मग एक दिवस तुळसाबाई नावाच्या वळणारीच्या सुपातली बिडी तू बाजूला काढलीस, ती डब्यात टाकण्याआधी बोटांत धरलीस आणि मधोमध मोडलीस. जर्दा टेबलावर सांडला. दुसरी काढलीस, तीही मोडलीस. संध्याकाळी डबा रिकामा.

सट्टेदार ओरडला, “पागल हो गया क्या? फेंकनी है तो इधर फेंक!”

तू विचारलेस, “शेठ, बिडी खराब आहे म्हणूनच छाटली नं?”

“हाँ, खराब है.”

“मग खराब विकाल कशी? आणि चांगली असेल तर सांगा, मी तिच्या सुपात परत ठेवतो. मजुरी द्या.”

खरे बोलणारा माणूस त्यानेच निवडून आणला होता. आता तो खरे बोलतो ही तक्रार कोणाकडे करणार? तू हे सांगताना इतका हसलास की तुला ठसका लागला आणि मार्थाने पाठीवर थापटले. मी हसलो नाही. मी म्हणालो, “तरीही तो तंबाखूच होता.” मला आठवते, तू हसणे थांबवून माझ्याकडे पाहिलेस आणि मीठ मागितलेस.

बाहेरचे लोक तुझ्या सौजन्याने भारावून गेले, असेही परवा कोणी म्हणाले. मी तेही खोडून काढतो. बायांनी तुला शिव्या दिल्या. त्यांना वाटले, हा सट्टेदाराहून क्रूर. तो निदान बिडी साबूत ठेवत होता, हा आपल्या हातचे काम आपल्याच डोळ्यांदेखत मोडतो. तुळसाबाई तर माझ्या दारात आली. तिचा आवाज सगळ्या आळीने ऐकला.

“मास्तर, तुमचा साळा आमच्या बिड्या मोडून राहिला जी! दिवसभर मान मोडून वळाचं आन यानं कटकट मोडाचं! देवाधर्माचा मानूस म्हनते नं तुमी? नागऱ्याच्या महादेवाची आन सांगतो, असा पापी मी पायला नाई.”

मी तिला समजावू शकलो असतो. तू का मोडतोस हे मला माहीत होते. आदल्याच रविवारी तू मला समजावून सांगितले होतेस की मोडलेली बिडी सट्टेदाराच्या काहीच कामाची नाही, उलट त्याचे पान आणि जर्दा वाया जातो, तेव्हा आता छाट कमी निघावी असे त्यालाच वाटू लागेल. मला एवढे वाक्य बोलता आले असते. मी शिक्षक होतो, समजावणे हा माझा धंदा होता. त्याऐवजी मी म्हणालो, “बाई, तो आता आमचा नाही.”

ती निघून गेली. आत मार्था होती. तिने ऐकले. त्या दिवशी तिने मला जेवायला वाढले, पण माझ्याशी बोलली नाही. आणि आपण भांडताना तिने पुन्हा कधी माझी बाजू घेतली नाही.

तुझे गणित बरोबर निघाले. हिवाळा सरता सरता सट्टेदार स्वतःच टेबलाशी येऊन सांगू लागला, “जरा देख के छाँटो भाई, इतनी खराब भी नहीं है.” छाट कमी झाली. बायांच्या ध्यानात आले. मग तू मला एक गोष्ट सांगितलीस, ती मला पटली नव्हती. मला वाटले तू वाढवून सांगतोस. तू म्हणालास की तुळसाबाई आता सूप ठेवताना आपणच दोनचार बिड्या वेगळ्या काढून देते आणि म्हणते, “हे घे गा भाऊ, मोड. मलेच पटून नाई राहिली.” मी विचारले, यात विशेष काय? तू म्हणालास, “भाऊजी, डब्यात जाईल या भीतीनं ती खराब बिडी कट्ट्याच्या मधात लपवत होती. आता लपवत नाही. डबा गेला, लपवणं गेलं.” मी म्हटले, “तिला तू प्रभूविषयी काही सांगितलेस का?” तू म्हणालास, “तिनं विचारलं नाही.” “मग तुझ्या तिथे असण्याचा उपयोग काय?” या प्रश्नाचे उत्तर तू दिले नाहीस. उठून हात धुवायला गेलास. आपले ते भांडण तिथेच राहून गेले, आणि आता तू ते पुरे करायला येणार नाहीस. त्याचा राग धरू की दुःख करू हे माझे ठरत नाही.

एक गोष्ट मला फार टोचते. माझ्या घरापासून नागरा किती दूर? सकाळी निघालेला माणूस ऊन चढायच्या आत परत येतो. शाळेच्या मुलांना घेऊन मी तिथले देऊळ दाखवायला गेलो आहे, तळ्याच्या काठी बसून त्यांना इतिहास सांगितला आहे. तुझा कारखाना त्याच वाटेवर. इतक्या वर्षांत मी एकदाही आत डोकावलो नाही. तंबाखूचा वास सहन होत नाही, असे मी सांगायचो. वास सहन होत होता, शांतवन. तू टेबलावर बसून ते करतो आहेस हे पाहावे लागेल, हे सहन होणार नव्हते.

‘त्याने तो धंदा सोडला’ हेही खोटे. धंदा तू सोडला नाहीस. तुझ्या छातीने सोडायला लावला. जर्द्याच्या धुळीने खोकला धरला, तो जाईना. तू खुर्चीवरून उठलास तेव्हा सट्टेदाराने तुला शाल दिली, आणि मी, तुझा भाऊजी, तुझ्या खाटेशी बसून म्हणालो, “बघ, शेवटी तंबाखूनेच सूड घेतला.” तू खोकलत होतास म्हणून उत्तर देऊ शकला नाहीस. वादात मी जिंकलो असे त्या क्षणी मला वाटले. खोकणाऱ्या माणसाला हरवले!

आणि आता तो पश्चात्ताप. माझे सगळे भांडण या एका शब्दापाशी आहे. तू नोकरी सोडल्याचे कळताच मीच बैठकीत ठराव मांडला की शांतवनाला परत घ्यावे. तेव्हाचे जुने पाळक थकलेले होते, त्यांना कज्जा नको होता. उपासना चालू असताना त्यांनी तुला पुढे, सर्वांसमोर उभे केले आणि विचारले, “शांतवन, तुला पश्चात्ताप आहे का?”

तू पुढच्या खिडकीच्या गजाला धरून उभा होतास. स्पष्ट म्हणालास, “आहे.”

“स्तुती असो,” असे पाळक म्हणाले, आणि पेटीवाल्याला त्यांनी गीताची खूण केली. पेटीचा भाता हलला. पण तुझे वाक्य संपले नव्हते. तू पुढे म्हणालास, “पहिले महिने मी डब्यात टाकली, त्याचा. मोडायला उशीर केला, त्याचा.” तेवढ्यात सूर निघाला, लोक उभे राहिले, आणि मागच्या बाकांवरच्या कोणालाही काही ऐकू गेले नाही. पुढे उभ्या असलेल्या मला ऐकू गेले. मी हात वर करून गीत थांबवू शकलो असतो. माझा हात वर गेला की ती मंडळी थांबते, हे सर्वांना माहीत आहे. मी हात वर केला नाही; गीत म्हणायला लागलो. मंडळीत सांगितले गेले ते ‘आहे’ एवढेच. त्या अर्ध्या वाक्यावर पुढे सगळी गोष्ट उभी राहिली, आणि ती परवा तुझ्या कबरेवर वाचली गेली.

त्याच दिवशी प्रभुभोजन होते. मी शेवटच्या बाकाशी आलो, थाळी तुझ्यापुढे धरली, आणि ती माझ्या हातात कलली. भाकरीचे तुकडे एका बाजूला सरकले. तू खालून बोटे लावून ती सावरलीस आणि हळूच म्हणालास, “नीट धरा भाऊजी, सांडवाल.” तुकडा घेतलास. तुझ्या बोटांना अजून जर्द्याचा रंग होता. तो शेवटपर्यंत गेला नाही. तुला आंघोळ घालताना मी पाहिला.

तुझ्या मातीला आपल्या मंडळीपेक्षा नागऱ्याच्या बायाच जास्त होत्या. सूप नव्हते हातात, पण तशाच ओळीने उभ्या, जशा टेबलापुढे उभ्या राहत असतील. सट्टेदारही आला होता. त्याचीही एक हकीकत आहे. तो माझ्या कानाशी म्हणाला, “बड़ा ईमानदार आदमी था मास्टरजी. छाट तोड़ने का कायदा वैसे हमने ही चलाया, पर हाथ उसका था.” मला हसू आले आणि तोंडात माती गेल्यासारखे झाले, कारण त्याचे वाक्य आणि पाळकसाहेबांचे वाक्य एकाच साच्यातले होते. दोघांनीही तुझे काम आपल्या नावावर घेतले. फरक इतकाच की सट्टेदाराने तुझ्या हाताचा तरी उल्लेख केला.

मूठ मूठ माती टाकून लोक परतू लागले तेव्हा तुळसाबाई माझ्यासमोर उभी राहिली. डोळे पुसले नव्हते.

“मास्तर, तुमी मले सांगतलं होतं, तो तुमचा नाई म्हनून. मंग आज माती द्याले कायले आले जी?”

चाळीस वर्षे शिकवले, शेकडो प्रश्नांना उत्तरे दिली, समोरच्याला गप्प केले. त्या बाईने मला गप्प केले, आणि तिचे काही चुकले असे मला म्हणता येत नाही.

मार्था म्हणते, तुम्हीच त्याला मारलेत. हेही मी मान्य करत नाही; तू जर्द्याच्या धुळीने गेलास, आणि खुर्चीवर राहण्याचा हट्ट तुझा होता. पण तिला हे सांगण्याची छाती मला झालेली नाही. ती तुझे ताट मांडते. मी पाहतो आणि काही बोलत नाही. माझ्यासारख्या माणसाला काही न बोलता येणे म्हणजे काय, ते तुला कळले असते, आणि तू त्यावर एक टोमणाही मारला असतास.

आभार मानावेत असे पुष्कळ आहे, ते लिहिता येत नाही. माझी भाषा त्या कामाची नाही. एवढे लिहितो की इतक्या वर्षांत तू एकाही रविवारी माझ्या घरचे जेवण चुकवले नाहीस. कोणीही चुकवले असते. थाळी तुझ्यासमोरून नेणाऱ्याच्या घरचे वरण तू मागून घेतलेस. मी त्याला तुझा निर्लज्जपणा समजत होतो.

आता उरतो तुझा न दिलेला जबाब. ख्रिस्ती माणसाने जगात राहून जगावर काही ठसा उमटवावा तो कसा? मी म्हणत होतो, वेगळे राहून, स्वच्छ राहून, सांगून. तू काही म्हणत नव्हतास. परवा पाळकसाहेब माझ्या ओसरीवरून उठून गेल्यावर मला बसवेना. मी छत्री घेतली आणि नागऱ्याला निघालो. धानाची कापणी झालेली, बांध्या रिकाम्या, वाटेवर उन्हाची धूळ. कारखान्याच्या दारात जर्द्याचा वास आला आणि मला खोकला आला, पण मी आत गेलो.

तुझ्या टेबलावर आता तेजराम नावाचा पोवार बसतो. गोरेगावकडचा, चाळिशीचा, कपाळावर गंध. तू नोकरी सोडल्यावर कधीतरी लागलेला. तुझी त्याची भेट नाही. समोर एक बाई सूप घेऊन उभी होती. त्याने कट्टा सोडला, एक बिडी बाजूला काढली, आणि बोलता बोलता, नजरही न टाकता, मधोमध मोडली. दुसरी मोडली. जर्दा टेबलावर सांडला. मी सट्टेदाराच्या खुर्चीजवळ पाहिले. डबा नव्हता.

“काऊन मोडता?” मी विचारले.

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी विचारले होते की भात शिजवून का खाता. “काऊन म्हंजे? छाटली का मोडतेच नं बाप्पा. न मोडली तं बाया सूपच उचलत नाई.”

“ही रीत कोणी लावली?”

“कोन लावन? पयलेपासूनच हाये.”

मी तुझे नाव घेतले. शांतवन. त्याने आठवून पाहिले, मान हलवली, आणि पुढचे सूप ओढले. त्याने ते नाव ऐकलेले नव्हते.

पाळकसाहेब, आणि मंडळीतल्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुम्ही शिस्तीचे सांगाल, पश्चात्तापाचे सांगाल, माझे जुने शब्द मलाच ऐकवाल. ऐकवा. नागऱ्याच्या त्या कारखान्यात आज एकही ख्रिस्ती माणूस नाही, आणि छाटलेली बिडी तिथे आजही मोडली जाते.